पिशवी आणि शिफ्टचं घड्याळ

मूत्रपिंडांना शिफ्ट नसते. पहिली, दुसरी, तिसरी, तिन्ही पाळ्या ती सलग करतात आणि साप्ताहिक सुट्टीही घेत नाहीत. नीट पाणी पिणाऱ्या माणसाच्या शरीरात दिवसाकाठी दोन-अडीच लिटर लघवी तयार होते. म्हणजे तासाला साधारण शंभर मिलिलिटर. हे काम आपल्याला जाणवत नाही, कारण मधे मूत्राशय आहे. तो साठवतो, थोपवून धरतो, सोय होईपर्यंत दम काढतो. प्रेस शॉपमधला ऑपरेटर चहाच्या सुट्टीपर्यंत थांबतो, नाशिक फाट्यावर अडकलेल्या कंपनीच्या बसमधला माणूस चाकण येईपर्यंत थांबतो, ते याच जोरावर. भोसरी, मोशी, चाकण, तळेगावची सारी कारखानदारी प्रत्येकाचा मूत्राशय शाबूत आहे असं धरून चालते.

ज्यांचा मूत्राशय काढून टाकावा लागला, त्यांना ही सवलत उरत नाही. त्यांच्याच लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन सर्जनने लघवीला नवी वाट करून दिलेली असते. ती बेंबीच्या उजवीकडे, थोडी खाली, पोटावर उघडते. त्या लाल, ओलसर तोंडाला स्टोमा म्हणतात. त्याला झडप नाही, आवळून धरणारा स्नायू नाही. त्यावर चिकटवलेल्या पिशवीत लघवी दिवसरात्र उतरत राहते. ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांत माणूस चालायला, जेवायला, गाडी चालवायला लागतो. अनेक जण कामावर जाण्याइतके धडधाकट होतात. मग प्रश्न उरतो तो कंपनीचा: तिथलं घड्याळ या पिशवीशी जुळतं का?

दुखत नाही, म्हणून

मूत्राशय काढण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे त्याचा कर्करोग, तोही मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत उतरलेला. या रोगाची पहिली खूण बहुतेकदा एकच असते: लघवीतून रक्त जातं आणि दुखत मात्र काहीच नाही. घात होतो तो इथेच. दुखलं असतं तर माणूस रजा टाकून दवाखान्यात गेला असता. न दुखणाऱ्या रक्ताला घरात उत्तरं तयार असतात. उन्हाळी लागली असेल, धन्याचं पाणी घे. सब्जा भिजत घाल. भट्टीपाशी काम करतोस, उष्णता झाली असेल. मूतखडा असेल, पडून जाईल. आठवडाभरात रक्त आपोआप थांबतं आणि सगळे निर्धास्त होतात. ते काही महिन्यांनी पुन्हा दिसतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, तरी सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी, एवढं एक वाक्य प्रत्येक कंपनीच्या दवाखान्यात भिंतीवर लिहायला हवं.

कारणांमध्ये धूम्रपान पहिलं. मूत्राशयाच्या कर्करोगाचे जवळपास निम्मे रुग्ण त्याच्या खात्यावर जातात. विडी-सिगारेटमधली रसायनं फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात. मग मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. थोपवून धरण्याचा जो गुण एरवी कामाला येतो, तोच इथे अंगाशी येतो.

दुसरं कारण कामाच्या जागेचं आहे आणि ते सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे. जर्मनीत फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जनने १८९५ मध्ये रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयात गाठी सापडत असल्याचं जगापुढे मांडलं. पुढे १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपर यांनी बीटा-नॅफ्थिलअमाइन या रंगातल्या रसायनाने कुत्र्यांच्या मूत्राशयात कर्करोग होतो हे प्रयोगाने दाखवलं. १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये रबर कामगारांमध्येही तेच आढळलं. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था रबर उत्पादनाचा उद्योग आणि रंगाऱ्याचं काम या दोन्हींना निश्चितपणे कर्करोगकारक गटात धरते.

ही सगळी कामं आपल्या पट्ट्यात आहेत; आणि हा पट्टा आता वयात आला आहे. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली, १९६० च्या दशकात एमआयडीसी आली, आकुर्डीला स्कूटर बनू लागली, पिंपरीला ट्रक. १९७०-८० च्या काळात गावाकडून येऊन इथे कामाला लागलेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे आणि मूत्राशयाचा कर्करोग प्रामुख्याने याच वयाचा रोग आहे. अमुक कारखान्यामुळे अमुक माणसाला हा रोग झाला, असं बोट दाखवता येत नाही. रसायनाशी संबंध आल्यापासून रोग उमटेपर्यंत पंधरा-वीस, कधी तीस वर्षं जातात. तेवढ्यात माणसाने कंपन्या बदललेल्या असतात, ठेकेदार बदललेले असतात, काही शेड तर जागेवरही नसतात. कारखाना कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने व्यवसायजन्य कर्करोग नोंदवायच्या रोगांच्या यादीत घेतला गेला. रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने तो कारखाना निरीक्षकांना कळवायचा, अशी अपेक्षा होती. कळवायला आधी विचारावं लागतं. केस पेपरवर वय, वजन, रक्तदाब असतो. पेंट शॉपमध्ये किती वर्षं होता, रबर मिक्सिंगवर होता का, मास्क मिळत होता का, या प्रश्नांना तिथे रकाना नसतो.

रोग लवकर सापडला तर मूत्राशय वाचू शकतो. दुर्बिणीतून गाठ खरवडून काढतात आणि ती परत येऊ नये म्हणून मूत्राशयात बीसीजी सोडतात. क्षयरोगासाठी बाळांना टोचतात तीच ही लस. कॅनडाच्या अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये ही उपचारपद्धती प्रसिद्ध केली आणि मूत्राशयात सोडायची ही बीसीजी आज आपल्या पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूटही बनवते. गाठ स्नायूत घुसली असेल, तर मात्र बहुतेकदा केमोथेरपी देऊन मूत्राशय काढणं हाच खात्रीचा मार्ग उरतो.

लघवीची नवी वाट

मूत्राशय काढणं त्या मानाने सोपं होतं. काढल्यावर लघवी न्यायची कुठे, याचं उत्तर मिळायला शंभर वर्षं लागली. लंडनच्या जॉन सायमन यांनी १८५२ मध्ये जन्मतः उघड्या मूत्राशयाच्या एका मुलाच्या मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याकडे वळवण्याचा प्रयत्न नोंदवला. तो मुलगा वर्षभरच जगला, पण कल्पना टिकली. पुढची अनेक दशकं सर्जन मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याला जोडत राहिले. बाहेर पिशवी नको, लघवी शौचावाटे जाईल, हे ऐकायला सोयीचं वाटे. प्रत्यक्षात जंतू वर चढून मूत्रपिंडं नासत, आतडं लघवीतली आम्लं परत शोषून घेई, आणि बऱ्याच वर्षांनी त्या जोडापाशीच कर्करोग उगवे.

अमेरिकेत सेंट लुईसच्या युजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये सुटसुटीत रीत मांडली. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातला पंधरा-वीस सेंटिमीटरचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट वेगळा करायचा. उरलेलं आतडं पुन्हा जोडून टाकायचं, म्हणजे अन्नाचा मार्ग पूर्ववत. सुट्या तुकड्याच्या एका टोकाला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडायच्या आणि दुसरं टोक पोटावर आणून बाहेरच्या बाजूला दुमडून शिवायचं. हा तुकडा लघवी साठवत नाही, पुढे सरकवतो; त्यामुळे शोषणाची भानगड कमी होते. सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी जगभर सर्वाधिक केली जाणारी रीत हीच आहे.

दुसरा पर्याय म्हणजे आतड्याचाच गोळा शिवून आत नवा मूत्राशय बनवणं. स्वित्झर्लंडचे उर्स श्टूडर आणि जर्मनीचे रिचर्ड हाउटमान यांनी १९८० च्या दशकात ही शस्त्रक्रिया रुळवली. पोटावर भोक नाही, पिशवी नाही. हे ऐकल्यावर पहिला ओढा तिकडेच जातो. पण हा मूत्राशय स्वतःहून भरल्याची जाणीव देत नाही. घड्याळ लावून, पोटाला जोर देऊन तो रिकामा करावा लागतो, रात्री अंथरूण ओलं होण्याची शक्यता राहते, काहींना स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकावं लागतं. मूत्रपिंडं कमजोर असतील किंवा रोग मूत्रमार्गापर्यंत पोचला असेल, तर हा पर्याय बादच होतो. निवड करताना रुग्णाने डॉक्टरांना आपली कामाची जागा, शिफ्ट, घरचं न्हाणीघर, सगळं सांगावं. ज्या ऑपरेशनची निगा आपल्या रोजच्या जगण्यात बसते, ते आपल्यासाठी चांगलं.

स्त्रियांच्या वाट्याला हे ऑपरेशन पुष्कळदा गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून येतं. रोग मूत्राशयात शिरला, तर तोही काढावा लागतो. ओटीपोटातल्या अवयवांची ही मोठी शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करण्याचं काम ज्यांनी सुरुवातीच्या काळात केलं, त्यांत पुण्याचे डॉ. शैलेश पुणतांबेकर आहेत. त्यांच्या चमूने १६ रुग्णांचा अनुभव २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला.

तात्पुरती वाट ही वेगळी गोष्ट. नाशिक महामार्गावर, चाकण-शिक्रापूर रस्त्यावर अपघातात कंबरेचं हाड मोडून मूत्रमार्ग तुटतो, तेव्हा पोटावरून थेट मूत्राशयात नळी घालतात आणि रुग्ण काही महिने ती नळी घेऊन हिंडतो. साधारण तीन महिन्यांनी तुटलेली टोकं पुन्हा जोडतात. या कामात पुण्याचं नाव जगात आहे. डॉ. संजय कुलकर्णी यांनी लांबवर आक्रसलेल्या मूत्रमार्गासाठी गालाच्या आतलं अस्तर वापरून एकाच बाजूने शस्त्रक्रिया करण्याची जी पद्धत २००९ मध्ये मांडली, ती आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. गुटखा खाणाऱ्याच्या तोंडातलं अस्तर मात्र या कामी धड राहिलेलं नसतं. या रुग्णांना नळी निघण्याची तारीख असते. कायमच्या स्टोमाला तशी तारीख नाही.

पोटावरची जागा

स्टोमा कुठे काढायचा, हे ऑपरेशनच्या टेबलावर ठरवायचं नसतं. आदल्या दिवशी रुग्णाला बसवून, वाकवून, उभं करून पोटाला घड्या कुठे पडतात ते पाहतात आणि पेनाने खूण करतात. ती जागा रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली पाहिजे, पट्ट्याच्या रेषेत येता कामा नये, हाडाच्या फार जवळ असू नये. आपल्याकडे आणखी विचारावं लागतं: पायजम्याची नाडी कुठे बांधता? नऊवारीचा काष्टा की पाचवारीच्या निऱ्या? कंपनीचा शर्ट खोचून वर पट्टा लावणं सक्तीचं आहे का? उंचीवर काम करताना सेफ्टी बेल्टचा पट्टा कुठून जातो? ही खूण दोन बोटं चुकली, तर पुढे जन्मभर पिशवी गळत राहते आणि कातडी सोलवटते.

पिशवीलाही इतिहास आहे. एलिझ सोरेन्सन ही डॅनिश परिचारिका. तिची बहीण थोरा हिच्या मोठ्या आतड्याचा स्टोमा काढला होता आणि गळतीच्या भीतीने ती घराबाहेर पडेना. एलिझने १९५४ मध्ये चिकटणाऱ्या, वापरून टाकून द्यायच्या पिशवीची कल्पना काढली. प्लास्टिकचा कारखाना चालवणाऱ्या एका उद्योजकाने, पत्नीच्या आग्रहाखातर, ती बनवली आणि त्यातून १९५७ मध्ये कोलोप्लास्ट ही कंपनी निघाली. त्याच दशकात अमेरिकेच्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी स्टोमाभोवतीची कातडी जपण्यासाठी कराया डिंक वापरायला सुरुवात केली. हा डिंक निघतो कांडोळ नावाच्या झाडापासून. सह्याद्रीच्या खडकाळ उतारांवर पांढऱ्याफटक खोडाचं, पानगळीत भुतासारखं दिसणारं जे झाड आपण पाहतो, तेच हे; भुत्या, कढई अशीही त्याची नावं. या डिंकाचा जगाला होणारा पुरवठा मुख्यतः भारतातून, जंगलात राहणाऱ्या गोळा करणाऱ्यांच्या हातून झाला. क्लीव्हलँडमध्येच टर्नबुल यांच्या रुग्ण नॉर्मा गिल १९५८ पासून इतर स्टोमाधारकांना शिकवू लागल्या आणि स्टोमा परिचारिका या पेशाची सुरुवात झाली. हे शास्त्र रुग्णांनी आणि त्यांच्या बहिणींनी पुढे नेलं आहे.

आज कातडीला चिकटणारी चकती, म्हणजे फ्लँज, पेक्टिन, जिलेटिनसारख्या पदार्थांची असते. काही पिशव्यांत चकती आणि पिशवी एकत्र, काहींत सुट्या. लघवीच्या पिशवीला खाली तोटी असते आणि लघवी परत वर जाऊ नये म्हणून आत पडदा. चकती साधारण तीन ते पाच दिवसांनी बदलायची, शक्यतो सकाळी, पाणी प्यायच्या आधी, कारण तेव्हा ठिबक कमी असते. चकतीचं भोक स्टोमाच्या मापाचं कापायचं. मोठं ठेवलं तर उघड्या कातडीवर लघवी बसते. लघवीत पांढरे धागे दिसतात. तो आतड्याचा चिकट स्राव असतो, घाबरायचं नसतं. आणखी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी: पिशवीतल्या लघवीची तपासणी केली तर जंतू सापडणारच. तेवढ्यावरून अँटिबायोटिक सुरू करायचं नसतं. थंडी वाजून ताप आला, पाठीत दुखलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

एक दिवस, गृहीत धरलेला

आता एक माणूस डोळ्यांपुढे आणू. तो खरा कुणी नाही; पण त्याच्या दिवसातली एकही अडचण काल्पनिक नाही. वय पंचेचाळीस, चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत कंत्राटी. राहायला खराबवाडीत, पत्र्याच्या खोलीत, चार खोल्यांत मिळून एक संडास.

त्याची पहिली अडचण रात्री सुरू होते. झोपेत पिशवी भरू नये म्हणून तिला लांब नळीने दोन लिटरची मोठी पिशवी जोडतात. ती शरीराच्या खाली लटकली तरच लघवी उतरते. हा माणूस जमिनीवर गादी टाकून झोपतो. जमिनीच्या खाली पिशवी लटकवणार कुठे? त्याला औषधाआधी लोखंडी खाट लागते आणि दहा बाय दहाच्या खोलीत ती मावावी लागते. सकाळी मोठी पिशवी धुवायला पाणी लागतं. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी येतं. चाकणच्या वाड्यांमधले भाडेकरू टँकर आणि बोअरवर असतात.

पहिल्या शिफ्टची बस पहाटे. चाकणचा तळेगाव चौक आणि नाशिक महामार्ग या वेळी कसा असतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. निघताना त्याने पिशवी रिकामी केलेली असते. चारशे मिलिलिटरच्या आसपास धरणारी पिशवी निम्मी भरली की रिकामी करावी असा नियम. त्याहून जड झाली की चकती ओढली जाते. तासाला शंभर धरले, तर दर दोन-अडीच तासांनी संडास हवा. बस कोंडीत तास-दीड तास थांबली, तर हिशेब लाइनवर पोचायच्या आधीच बिघडतो. चारचाकीने गेला तर सीट बेल्टचा खालचा पट्टा नेमका स्टोमावर येतो. तो थोडा खाली, मांडीच्या सांध्याशी घ्यावा लागतो.

लाइनवर प्रत्येक स्टेशनला ठरलेले सेकंद असतात. जागा सोडायची तर रिलीव्हर हवा आणि रिलीव्हर हवा तर सुपरवायझरला सांगायला हवं. सांगायचं म्हणजे शंभर माणसांसमोर शरीराची कहाणी सांगायची. कारखाना कायद्याने १९४८ पासून सलग पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामाच्या सगळ्या वेळेत वापरता येतील अशी स्वच्छतागृहं बंधनकारक केली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामाच्या दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि विश्रांतीआधीचा सलग काळ पाचवरून सहा तासांवर न्यायला मान्यता दिली. सहा तास म्हणजे सहाशे मिलिलिटर. पिशवीत चारशेच मावतात.

मग माणूस एक सोपा उपाय काढतो: पाणी पिणं बंद करतो. हा उपाय त्याला कुणी शिकवावा लागत नाही. इथल्या वायरिंग हार्नेसच्या लाइनवर बसणाऱ्या, स्टोमा नसलेल्या मुलीही संडासाला जावं लागू नये म्हणून तहान मारतात. स्टोमाधारकाला मात्र ते फार महाग पडतं. लघवी घट्ट झाली की कातडी जळते, जंतुसंसर्ग होतो, खडे धरतात, आणि सावकाश, न कळत, मूत्रपिंडं मागे पडतात. त्याला उलट भरपूर पाणी प्यायचं असतं, फोर्जिंगच्या भट्टीजवळ असेल तर आणखी जास्त. ज्या मूत्रपिंडांसाठी ही नवी वाट काढली, ती संडासाच्या रांगेपायी गमवायची, हा व्यवहार बुडीत आहे.

उचलण्याचंही तसंच. स्टोमाभोवती पोटाची भिंत कमकुवत झालेली असते. वीस-पंचवीस किलोचे क्रेट उचलले तर तिथे हर्निया होतो. त्याला लाइट ड्युटी हवी: इन्स्पेक्शन, स्टोअर, टूल क्रिब, गेजिंग. परमनंट कामगाराला युनियन आणि कंपनीचा डॉक्टर मिळून हे मिळवून देऊ शकतात. कंत्राटी माणसाला ठेकेदार सांगतो, बरा झालास की ये. तो बरा झालेलाच असतो.

ऑपरेशन एकदा, पिशवी कायम

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत २०२३ च्या निर्णयाने राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं. पिंपरीचं साडेसातशे खाटांचं वायसीएम रुग्णालय आहे, पिंपरी-चिंचवडमध्ये मोठी खासगी रुग्णालयं आहेत, पुणे हाकेच्या अंतरावर आहे. ऑपरेशन आता अशक्य राहिलेलं नाही. पण या योजनांची रचना पॅकेजची आहे: भरती, शस्त्रक्रिया, सुट्टी, काही दिवस पाठपुरावा. पिशवी पॅकेजमध्ये मावत नाही, कारण ती संपत नाही. चार दिवसांनी एक बदल धरला तर वर्षाचे नव्वद. एका बदलाला पाचशे रुपये धरले तर पंचेचाळीस हजार. ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, कक्षेत येणाऱ्या पगाराची मर्यादा २०१७ पासून एकवीस हजार आहे; म्हणजे त्या मर्यादेवरच्या माणसाचे दोन महिन्यांहून अधिक पगार वर्षाला पोटाला चिकटवायचे. म्हणून माणसं चार दिवसांची चकती आठ दिवस ओढतात, कडा सुटल्या की वरून टेप मारतात, आणि कातडीच्या जखमा घेऊन परत ओपीडीत येतात.

ईएसआयमध्ये कर्करोगासारख्या दीर्घ आजारांसाठी वाढीव आजारपण लाभ आहे: पगाराच्या ऐंशी टक्के, दोन वर्षांपर्यंत. अट अशी की त्याआधी दोन वर्षं सलग विमापात्र नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी असावी. सात-आठ महिन्यांनी ब्रेक देणाऱ्या ठेकेदाराकडे राबणाऱ्यांना ही अट नेमकी नडते.

दिव्यांग हक्क कायद्याने २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. स्टोमा त्यांत नाही. म्हणजे प्रमाणपत्र नाही, सवलत नाही, आणि कंपनीपुढे ठेवायला कागद नाही. इंग्लंडमध्ये कायमचा स्टोमा असलेल्याला औषधांच्या चिठ्ठीचं शुल्क माफ आहे. जपान आणखी पुढे आहे. तिथे स्टोमाधारकांना दिव्यांग म्हणून मान्यता आहे आणि रेल्वे स्थानकांवर, मॉलमध्ये त्यांच्यासाठी वेगळी खूण लावलेली स्वच्छतागृहं असतात: कमरेच्या उंचीवर सिंक, गरम पाण्याचा फवारा, सामान ठेवायला फळी. चाकण-तळेगावमध्ये जपानी कंपन्या कितीतरी आहेत. कायझेन, ५-एस, पोका-योके हे शब्द आपल्या पोरांच्या तोंडी त्यांच्याकडूनच आले. ऑडिटच्या दिवशी फरशीवर पिवळे पट्टे नव्याने मारणाऱ्या कंपनीला त्याच देशाकडून एक संडासही शिकता येईल.

घरात

घरचा प्रश्न पैशाहून नाजूक असतो. देवघरात जायचं का, सोवळ्यात चालेल का, पंगतीत बसलो तर वास येईल का? नीट बसलेल्या पिशवीला वास येत नाही. ती कपड्याखाली दिसतही नाही. देहू-आळंदी जिथून हाकेवर आहेत, त्या मुलखात कुणाला वारीची आस असेल, तर पालखीसोबत चालायला स्टोमा आड येत नाही. सोबत जादा पिशव्या, पाण्याची बाटली आणि आडोसा हवा. मूत्राशय काढताना जवळच्या नसांना धक्का बसतो आणि पुरुषांच्या लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो. स्त्रियांनाही संबंध दुखरे होऊ शकतात. यावर उपचार आहेत. ऑपरेशनआधी डॉक्टरने नवरा-बायको दोघांना बसवून हे सांगायला हवं. सहसा कुणीच बोलत नाही आणि दोघंही आपलंच काही चुकलं असं समजून गप्प राहतात.

सर्वांत जास्त उपयोगी पडतं ते दुसऱ्या स्टोमाधारकाचं बोलणं. मुंबईची ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया हे काम कित्येक दशकं करते आहे आणि टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा परिचारिकांचं रीतसर प्रशिक्षण होतं. दहा वर्षं पिशवी लावून नोकरी केलेला माणूस शर्ट वर करून दाखवतो, तेव्हा नव्या रुग्णाची जी भीती जाते, ती कुठल्याही पत्रकाने जात नाही. पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस स्टोमा क्लिनिक आणि एक प्रशिक्षित परिचारिका असावी, ही फार मोठी मागणी नाही.

कारखान्यांकडे मागायचं तेही थोडंच आहे. प्रत्येक शॉपजवळच्या एका संडासात आतून कडी, पिशवी-कपडे टांगायला खुंटी, सामानाला फळी, छातीच्या उंचीचा आरसा, पाण्याचा नळ आणि झाकणाचा डबा. दर दोन तासांनी दहा मिनिटांसाठी रिलीव्हर, कारण न विचारता. जादा युनिफॉर्म ठेवायला लॉकर. वजन उचलायचं नाही, असं कंपनी डॉक्टरचं एक लेखी पत्र, जे ठेकेदार बदलला तरी चालेल. या सगळ्याचा खर्च लाइन पाच मिनिटं बंद पडल्यावर होणाऱ्या नुकसानीपुढे किरकोळ आहे. सरकारकडे मागायच्या गोष्टी दोन: योजनेत पिशव्यांचा वार्षिक कोटा आणि दिव्यांगांच्या यादीत जागा.

सर्जन आपलं काम आठ तासांत संपवतो आणि ते चोख करतो. त्याने वाचवलेला माणूस पुढची वीस वर्षं कमावता राहणार की घरी बसणार, हे प्लँट हेड, एचआर, ठेकेदार आणि मंत्रालयातला सचिव ठरवतात. त्यांच्यातल्या कुणालाही त्यासाठी वैद्यकशास्त्र शिकावं लागणार नाही. तासाला शंभर मिलिलिटर आणि पिशवीत चारशे, एवढा भागाकार आला तरी पुरे.